गोष्ट कोण सांगतंय?

विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे नाटक मित्राचं असलं तरी ते आपल्याला सांगतो बापू. सुमित्रा देव, म्हणजे मित्रा, ही कॉलेजातली बिनधास्त मुलगी. तिचा जीव जडतो नमा नावाच्या मुलीवर, आणि आपण कोण आहोत हे ती मोकळेपणानं बोलते ते या भिडस्त, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेल्या बापूजवळ. तो ऐकून घेतो. दोघींना भेटायला स्वतःची खोली देतो. शेवटी मित्रा जीव देते, आणि तिची गोष्ट आपल्यापर्यंत आणायला मागं उरतो तोच. १९८१ साली विनय आपटे यांनी हे नाटक बसवलं, रोहिणी हट्टंगडींनी मित्रा केली. मी तेव्हा पंचविशीत होतो, बँकेत नुकताच कायम झालो होतो आणि ऑफिसातल्या मंडळींबरोबर प्रयोगाला गेलो होतो.

परतीच्या वाटेवर बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग एक जण म्हणाला, "बापूचं वाईट वाटतं रे." दुसऱ्यानं लगेच री ओढली. टपरीवर चहा उकळेपर्यंत बापूची चांगलीच चर्चा झाली. त्यानं तिच्यात गुंतायलाच नको होतं, असल्या मुलीपायी सरळमार्गी पोरगा फुकट गेला, वगैरे. मित्राचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही. मीही मान डोलावली, कारण मान न डोलावणं म्हणजे काहीतरी बोलून जाणं झालं असतं.

तेंडुलकरांना दोष द्यायचा नाही. त्या काळच्या प्रेक्षकाला खुर्चीत बसवून ठेवायचं तर त्याच्यासारखाच कुणीतरी मध्ये हवा होता. बापू नसता तर अर्धं थिएटर मध्यंतरातच चपला शोधू लागलं असतं. पण त्या रात्रीपासून मला एक खोड लागली ती लागलीच. पुस्तक उघडलं, पडदा वर गेला, की आधी बघायचं : सांगतंय कोण?

पुढच्याच वर्षी 'उंबरठा' आला. जब्बार पटेलांच्या त्या चित्रपटात महिलाश्रमातल्या दोघींचं एकमेकींवर प्रेम आहे, पण आपल्याला ते दिसतं अधीक्षक झालेल्या सुलभा महाजनच्या, म्हणजे स्मिता पाटीलच्या नजरेतून. पुढं चेतन दातार यांचं '१, माधवबाग' आलं. मुलगा समलिंगी आहे हे कळलेल्या एका आईचं ते एकपात्री. त्या नाटकावर माझा फार जीव आहे, आणि दातार २००८ मध्ये अकाली गेले याची हळहळ अजून जात नाही. पण तिथंही बोलते आई. मुलगा काय म्हणतो ते आईच्या तोंडून ऐकायचं. मायाळू माणसं होती ही सगळी, बापू काय, सुलभा काय, ती आई काय. आमच्याबद्दल चांगलंच बोलली. आम्ही मात्र कायम विंगेत.

अपवाद एकच, आणि तो तर 'मित्रा'च्याही आधीचा. सतीश आळेकरांचं 'बेगम बर्वे', १९७९. थिएटर अकॅडमीचं नाटक. चंद्रकांत काळे बर्वे करायचे, आळेकर स्वतः श्यामराव, मोहन आगाशे आणि रमेश मेढेकर हे दोन कारकून. संगीत नाटकांच्या पडत्या काळात किरकोळ बायकी भूमिका करून संपलेला हा बर्वे आता उदबत्त्या विकून श्यामरावाची भर करतो. डोक्यात मात्र नाट्यपदं चालूच. मग जावडेकर आणि बावडेकर या कारकुनांच्या खोलीत तो त्यांच्या ऑफिसातली नलावडेबाई होऊन जातो. लग्न लागतं, दिवस जातात, डोहाळे लागतात. कुणाचं स्वप्न कुठं संपतं आणि दुसऱ्याचं कुठं सुरू होतं ते कळेनासं होतं. इथं गोष्ट सांगायला कुणीच उभं नाही. समजावून सांगणारा नाही, कीव करणारा नाही. लोक हसत होते, अगदी खळखळून हसत होते. माझ्या मागच्या रांगेतला एक गृहस्थ तर मांडीवर थापा मारत होता. डोहाळजेवणाच्या सुमारास त्याच्या थापा थांबल्या. मी मुद्दाम वळून बघितलं नाही. पुढं तो हसला की नाही, आठवत नाही, पण मला त्या नाटकानं जे दिलं ते कुठल्याही सहानुभूतीवाल्या नाटकानं दिलं नाही. बर्वे 'आमच्यातला' आहे की नाही हा प्रश्नच त्या रात्री मला पडला नव्हता.

आता आमच्या घरातल्या दुसऱ्या माणसाबद्दल. तो नाटकात दिवे लावायचा. म्हणजे प्रकाशयोजनाकाराचं नाव पाटीवर दुसऱ्याचं असायचं, पण दौऱ्यावर डिमरपाशी बसून प्रत्यक्ष लाइट ऑपरेट करणारा हा. गाव सांगली जिल्ह्यात, बालगंधर्वांच्या नागठाण्यापासून फार लांब नाही. या गोष्टीचा त्याला इतका अभिमान की जणू नारायणराव राजहंसांना, म्हणजे बालगंधर्वांना, यानंच पाळण्यात झुलवलं असावं. आमची ओळख झाली तेव्हा त्याच्या बोटांना कायम चटके बसलेले असायचे, कारण तापलेल्या स्पॉटपुढचं जिलेटीन बदलायला फडकं घ्यायचं तो विसरायचा. जुने दिवे तापले की त्या जिलेटीनच्या रंगीत कागदाला एक करपट वास यायचा. पहिल्या रांगेत बसणाऱ्यांना तो कधी येत नाही. मला यायचा, कारण मी ओळखीवर विंगेत बसायचो. नाटक विंगेतून बघणं म्हणजे नटांच्या पाठी बघणं. टाळ्या घेऊन आत वळल्याबरोबर चेहरा कसा पडतो, घामानं मेकअप कसा ओघळतो, एन्ट्रीच्या आधी देवाचं नाव घेताना ओठ कसे हलतात, हे सगळं तिथून दिसतं. मी त्याच्याकडं बघायचो, तो रंगमंचाकडं. दिवसातला निम्मा वेळ आमचा हा असाच गेला आणि मला त्याची तक्रार नाही.

बालगंधर्वांवरून आमची भांडणं होतात. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी काढलेली त्यांची दोन तैलचित्रं आहेत, एक पुरुषवेषातलं, एक स्त्रीवेषातलं. तरुण मुलं त्यांच्याकडं बोट दाखवून मला विचारतात, "काका, म्हणजे ते आपल्यातलेच ना?" मी म्हणतो, तसं म्हणायला काही आधार नाही. त्यांचा संसार होता, पुढं गोहरबाई आल्या, त्यावरून महाराष्ट्रानं किती तोंड वाकडं केलं तेही सर्वांना ठाऊक आहे. ज्याला स्वतःबद्दल बोलता आलं नाही त्याच्या वतीनं आपण बोलायचं, तर आपण कोण? बापूच की. पण आमच्या या सांगलीकराचं म्हणणं वेगळं. तो म्हणतो, माणूस कोण होता ते राहू दे, त्याच्याकडं बघणारे कोण होते ते बघ. घरंदाज बायका 'मानापमान'मधल्या भामिनीचं लुगडं नेसणं शिकायला नाटकाला जायच्या. आणि त्यांचे नवरे? ते शेजारी बसून कुणाच्या प्रेमात पडत होते? पुरुषाच्याच ना? आणि ते पडू शकत होते, उघड्यावर, चांगले कपडे घालून, दाद देत. याला माझ्याकडं अजून उत्तर नाही. विषय बदलायला मी चहा टाकतो.

इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर मला सापडला तो फर्ग्युसन रस्त्यावरच्या ब्रिटिश लायब्ररीत. 'मॉरिस' ही दोन पुरुषांच्या प्रेमाची कादंबरी त्यानं १९१३-१४ मध्ये लिहिली आणि जवळच्या मित्रांना तेवढी वाचायला दिली. 'अ पॅसेज टु इंडिया' १९२४चं. त्यानंतर हा माणूस १९७० पर्यंत जगला आणि एकही कादंबरी लिहिली नाही. पुरुषाचं बाईवर प्रेम बसतं हे किती वेळा लिहायचं, याचा त्याला कंटाळा आला होता, आणि जे लिहायचं होतं ते छापता येत नव्हतं. १९६७ मध्ये इंग्लंडात कायदा बदलला, तरी त्यानं हस्तलिखित बाहेर काढलं नाही. 'मॉरिस' छापून आली १९७१ मध्ये, तो गेल्यावर. मी ती कार्डावर न घेता तिथंच बसून, शनिवारी बँक सुटल्यावर, हप्त्याहप्त्यानं वाचली, कारण काउंटरवरच्या बाई माझ्या मामेबहिणीच्या शेजारीण होत्या.

कादंबरी म्हणून 'मॉरिस' मला बेताचीच वाटते. पात्रं फार बोलतात, आणि शेवटाकडं तो शिकारीच्या रानाचा रखवालदार अ‍ॅलेक जरा सोयीनंच खिडकीतून आत येतो. पण फॉर्स्टरनं एक पण केला होता : काही झालं तरी शेवट सुखाचा करायचा. दोघं पुरुष एकमेकांचे होतात आणि जिवंत राहतात. १९१४ साली! आमच्याकडं १९८१ मध्येही मित्राला मरावं लागलं. लायब्ररीच्या पंख्याखाली शेवटचं पान संपलं तेव्हा मला आनंद वगैरे झाला नाही, चक्क राग आला. इतकी वर्षं हे कागद कपाटात पडून होते आणि लोक इकडं जीव देत होते.

देवासला जायचं ठरलं ते फॉर्स्टरमुळंच. आणि कुमार गंधर्वांमुळं. मला जायचं होतं फॉर्स्टरसाठी, घरातल्या माणसाला कुमारांसाठी, तेव्हा भांडण न होता ठरलेली ही आमची बहुधा एकमेव सहल. इंदूरहून बस तासाभरात देवासच्या स्टँडवर सोडते. समोर टेकडी. वर थोरली देवी तुळजाभवानी आणि धाकटी चामुंडा. पवारांच्या या गावात एकेकाळी दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती, एकाच गावात दोन राजे, दोन दरबार, आणि गावातूनच गेलेली दोन राज्यांची हद्द. माळव्याच्या मातीत हे सगळं ठसठशीत मराठी. थोरल्या पातीचे राजे तुकोजीराव तिसरे यांच्याकडं फॉर्स्टर १९२१ मध्ये काही महिने खाजगी चिटणीस होता. हे तुकोजीराव राजर्षी शाहू महाराजांचे जावई, त्यांच्या अक्कासाहेबांचे यजमान. ते लग्न टिकलं नाही. राज्यही पुढं कर्जात बुडालं आणि महाराज १९३३ मध्ये पाँडिचेरीला निघून गेले ते परत आलेच नाहीत.

फॉर्स्टरनं घरी लिहिलेल्या पत्रांत देवासचा गोकुळाष्टमीचा उत्सव सविस्तर आहे. राजा अनवाणी, देवापुढं गातोय, नाचतोय, आणि हा लाजाळू इंग्रज त्या गोंगाटात कडेला उभा. 'पॅसेज'चा शेवटचा भाग त्यातूनच उगवला. आणि मजा बघा, त्याच वर्षी ८ जुलैला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाला. केशवराव भोसल्यांचा धैर्यधर, बालगंधर्वांची भामिनी. अख्खा महाराष्ट्र त्या एका रात्रीसाठी वेडा झाला होता, आणि देवासच्या वाड्यात बसलेल्या या माणसाला त्याचा पत्ता नसणार. त्याला दुसरंच दुखणं होतं.

ते दुखणं त्यानं १९५३ मध्ये छापलेल्या 'द हिल ऑफ देवी'त सांगितलं नाही. पत्रं छापली, राजाबद्दल मायेनं लिहिलं, स्वतःला मात्र काढून टाकलं. ती पानं पुढं त्याच्या मरणानंतर, १९८३ मध्ये बाहेर आली. पुरुषाच्या ओढीनं तो तिथं हैराण झाला होता. शेवटी धीर करून त्यानं महाराजांना सांगितलं, आणि महाराजांनी रागावण्याऐवजी समजून घेतलं. इतकंच काय, वाड्यातल्या एका तरुण न्हाव्याची गाठ घालून दिली. कनाया हे त्याचं नाव फॉर्स्टरच्या लिहिण्यात येतं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी राजावर फिदा झालो. मराठी राजा, १९२१ साल, आणि हा मोकळेपणा! टेकडीच्या पायऱ्या चढताना मी हे सगळं रंगवून सांगत होतो. ऐकणारा मध्येच थांबला, कठड्याला टेकला आणि म्हणाला, "त्या न्हाव्याला कुणी विचारलं का?" नव्हतं विचारलं. राजाच्या चिटणिसापाशी त्याला पाठवला, तो गेला. नाही म्हणायची सोय नव्हती. पुढं आपण त्याच्याशी क्रूरपणे वागत गेलो हे फॉर्स्टरनंच लिहून ठेवलं आहे. त्याच्या प्रामाणिकपणाचं कौतुक करावं तर करावं, पण लिहिणारा तोच, पश्चात्ताप करणारा तोच, आणि प्रामाणिकपणाचं श्रेयही त्यालाच. कनायानं घरी जाऊन काय सांगितलं, कुणाला सांगितलं, पुढं त्याचं लग्न झालं का, ह्यातलं अक्षरही कुठं नाही. मी आयुष्यभर कुरकुर केली की आमची गोष्ट दुसराच सांगतो. इथं तर आमच्यातल्याच एकानं सांगितली होती आणि तरीही खोलीतला दुसरा माणूस मुकाच राहिला.

वर देवळाबाहेर एक वयस्कर गृहस्थ भेटले, धोतर, काळी टोपी, माळव्याच्या वळणाचं पण स्वच्छ मराठी. पुण्याचे म्हटल्यावर खूश झाले. "आपण भाऊ भाऊ का?" माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत शेजारून उत्तर गेलं, "हो, चुलत." "कुटुंबं नाही आणली?" "वहिनींचे गुडघे दुखतात. पायऱ्या चढवत नाहीत." गृहस्थांनी गुडघ्यांवर एक तेल सुचवलं, ते कुठं मिळतं तेही कागदावर लिहून दिलं. खाली उतरताना मी विचारलं, ही वहिनी आणलीस कुठून? म्हणाला, प्रयोग चालू असताना लाइट गेले तर ऑपरेटरनं विचार करत बसायचं नसतं. तेव्हापासून आमच्याकडं गुडघेदुखीनं बेजार झालेली एक वहिनी आहे. प्रवासात ती फार उपयोगी पडते.

टेकडीच्या पायथ्याशी 'भानुकुल', कुमारांचं घर. क्षय झाला म्हणून १९४८ मध्ये ते इथल्या कोरड्या हवेला आले. कित्येक वर्षं गाण्याची बंदी. अंथरुणावर पडून बाहेरनं जाणाऱ्या बायकांची माळवी गाणी ऐकायची, मनात घोळवायची. त्या ऐकण्यातून पुढचं सगळं गाणं आलं. नंतर त्यांनी 'मला उमजलेले बालगंधर्व' केलं. शीर्षकातच सगळं आहे बघा : हे बालगंधर्व नव्हेत, मला उमजलेले. नक्कल केली नाही, त्यांच्या जागी स्वतः उभे राहिले नाहीत, पण स्वतःच्या गळ्यातून त्यांचं गाणं आपल्यापुढं ठेवलं. दुसऱ्याबद्दल बोलायचं तर असं बोलावं असं मला तिथं फाटकाबाहेर उभं राहून वाटलं. आत जायची आम्हाला भीड वाटली. घरातला माणूस मात्र बराच वेळ हलेना. त्याला गाण्यातलं कळतं, मला पुस्तकातलं. म्हणून तर निभावलं.

बाकीचे प्रवास झाले, पण त्यांत सांगण्यासारखं थोडं. निवृत्तीनंतर एका यात्रा कंपनीबरोबर युरोप केलं, पहाटे उपमा, रात्री वरणभात, मध्ये आयफेल टॉवर. पॅरिसला खरेदीसाठी दिलेला वेळ आम्ही पेर-लाशेझ दफनभूमीत घालवला. पुरुषांवरच्या प्रेमापायी तुरुंगात गेलेल्या लेखक ऑस्कर वाइल्डची कबर, जेकब एपस्टाइननं घडवलेला तो पंखवाला दगडी देवदूत. लोक लिपस्टिक लावून दगडाचे मुके घ्यायचे, दगड खराब होऊ लागला म्हणून २०११ मध्ये भोवती काच लावली. आता काचेचे मुके घेतात. सहप्रवाशांनी विचारलं, काय खरेदी केली? एक छत्री दाखवली.

एक गोष्ट मात्र प्रवासात नीट उमगली. आम्हाला खोली कुणी नाकारली नाही. कुठलाही लॉज, कुठलीही धर्मशाळा, कुठलंही भक्तनिवास घ्या. दोन पुरुष एका खोलीत म्हटलं की व्यवस्थापकाच्या कपाळावर आठी नाही. बाई बरोबर असती तर लग्नाचा दाखला मागितला असता. कलम ३७७ असताना, म्हणजे कागदोपत्री आम्ही गुन्हेगार असताना, आम्हाला नारळ-प्रसादासकट खोल्या मिळत होत्या. दोन म्हातारे मित्र म्हणजे कुणाच्या डोळ्यांत न भरणारी वस्तू. त्याचा आम्ही पुरेपूर फायदा घेतला. मित्रा आणि नमाला मात्र बापूची खोली मागावी लागली होती. दोन बायकांना तेव्हा कोण देणार होतं खोली? आजही, एकट्यादुकट्या बाईला घर भाड्यानं देताना सोसायट्या काय काय विचारतात ते आमच्याच इमारतीच्या सर्वसाधारण सभेत ऐकतो आहे.

२००६ मध्ये सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी आली. मी पन्नाशीत पोचलो होतो. पुण्यातलं जोशांचं घर, वरच्या खोलीत ठेवलेला पेइंग गेस्ट, आणि भाऊ-बहीण दोघंही त्याच्या प्रेमात. पहिला अर्धा भाग तनयचा. तो सरळ त्या गेलेल्या माणसाशीच बोलतो, 'तू' म्हणून. मध्ये कुणी नाही. समजून घेणारा मित्र नाही, रडणारी आई नाही. त्याला कुणाची परवानगी नको आहे. मी ती एका बैठकीत संपवली आणि आधी मला आनंदाऐवजी हेवा वाटला. विशीतल्या मुलाला जे जमलं ते मला दिवाळी अंकांत इतकी वर्षं कथा लिहूनही जमलं नव्हतं. माझ्या कथा कोण सांगतं? कधी शेजारी, कधी ऑफिसातला सहकारी, एकदा तर घरमालकाची विधवा बहीण. मी कधीच नाही. एका संपादकांनी विचारलंही होतं, "तुमच्या कथेत नेहमी कुणीतरी खिडकीतून का बघत असतं?" २०२२ मध्ये 'कोबाल्ट ब्लू'वर चित्रपट आला तेव्हा गोष्ट कोचीला गेली. डोळ्यांना छान वाटली, पण मला ते पुण्यातलं घर हवं होतं. ही गोष्ट आपल्याच गल्लीत घडते, हेच तर त्यात नवं होतं.

बिंदुमाधव खिरे यांची 'पार्टनर' त्याच सुमाराची. तिचा बाज वेगळा, समजावून सांगण्याचा, आणि त्याचीही गरज होती. गावोगावच्या मुलांच्या हातात तीच आधी पडली. साहित्यिक मोजमापं लावणाऱ्यांना मी एवढंच विचारतो की १९८१ मध्ये ती मला मिळाली असती तर टपरीवर मी मान डोलावली असती का? बहुधा डोलावलीच असती. पण घरी जाऊन झोप आली असती.

६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयानं आम्हाला गुन्हेगारीतून मोकळं केलं तेव्हा आम्ही घरी कांदेपोहे केले. लग्नाचा प्रश्न १७ ऑक्टोबर २०२३ला तसाच राहिला. तो हक्क न्यायालय देऊ शकत नाही, ते काम संसदेचं, असं ठरलं. मग मी जे बँकेत इतरांना सांगत आलो ते स्वतःसाठी केलं. लोकांचा समज असतो की खात्यावर नॉमिनी लावला की झालं. नॉमिनी म्हणजे पैसे ताब्यात घेणारा, मालक नव्हे. वारस दावा करू शकतात. म्हणून मृत्युपत्र करावं, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात आणि शक्यतो नोंदवून ठेवावं. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयानं खुलासा काढला की समलिंगी जोडीदारांना संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कसलीच आडकाठी नाही. वाचून हसू आलं. आडकाठी आधीही नव्हती. आमचं संयुक्त खातं तेव्हापासूनचं आहे जेव्हा पासबुकात शाईनं आकडे लिहायचे. फॉर्मवर नात्याच्या रकान्यात 'मित्र' लिहिलं होतं आणि तो फॉर्म मंजूर करून सही करणारा अधिकारी मीच.

तरुण मुलं आता स्वतःच लिहितात, छोट्या जागांत, तीस-चाळीस खुर्च्या मांडून स्वतःच्या गोष्टी स्वतः करतात. आम्ही जातो. पुढच्या रांगेतल्या दोन खुर्च्या आम्हाला आदरानं मिळतात, जरा जास्तच आदरानं. यातल्या पुष्कळ प्रयोगांत 'मी, मी' फार होतं, हे माझं मत मी तिथं बोलत नाही, इथं बोलतो. कनाया डोक्यातून जात नाही म्हणून असेल. स्वतःची गोष्ट सांगताना त्यांच्या आया, त्यांनी सोडलेले मित्र, लग्न लावून दिल्यामुळं फसलेल्या बायका, ही माणसं प्रकाशात येतात का हे मी बघत बसतो. माझ्या शेजारचा माणूस दुसरंच बघत असतो. परवा एका मुलानं सुरेख प्रसंग केला, सगळं थिएटर गप्प, आणि हा माझ्या कानाशी कुजबुजला, "एलईडी आहे, म्हणून तोंडं निळी पडलीत. अंबर हवा होता."

हा लेख त्याला वाचायला दिला. चष्मा पुसून, पेन्सिल घेऊन, तालमीच्या संहितेवर खुणा करतात तसा बसला. नागठाण्याचं अंतर मी कमी करून लिहिलं आहे, असं त्याचं म्हणणं. पाळण्याचा विनोद त्याला आवडला नाही. आपलं नाव घालायला त्यानं साफ नकार दिला, "तुझ्या लेखात तू ये, मला कशाला ओढतोस," म्हणाला. मी म्हटलं, तू नाहीस तर माझ्या लेखात आहे काय? त्यावर तो म्हणाला, मग मला एक पान दे, माझं मी लिहितो. कोरा कागद घेऊन गेला आहे.